आईच्या जागेवरून टीव्ही कसा दिसतो

यंदा मे महिन्यात वळीव आला आणि आमच्या सासवडच्या घरातला टीव्ही गेला. वीज आमच्या घरावर नाही पडली, लांब पुरंदरच्या अंगाला कुठेतरी कडाडली, पण लाईट गेली ती तासाभराने आली आणि तेव्हा टीव्हीचा लाल दिवा काही लागला नाही. सेटटॉप बॉक्सही गप्प. आई म्हणाली, "अगं गडगडायला लागल्याबरोबर मी बटण बंद केलं होतं की." बटण बंद होतं हे खरंच, पण डिशची केबल मागे लावलेलीच होती आणि झटका आला तो त्या केबलमधूनच आला असणार असं नंतर मेकॅनिकने सांगितलं. डिश गच्चीवर लोखंडाच्या पाइपावर उभी, तिथून तार थेट टीव्हीच्या पाठीत, विजेला तेवढी वाट पुरते. म्हणून टीव्हीच्या खरेदीबद्दल लिहायच्या आधी हेच लिहिते, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आभाळ भरून आलं की गडगडायला लागायच्या आधीच पिन बोर्डातून उपसायची आणि बॉक्सच्या मागची गोल केबल आटे फिरवून काढून ठेवायची. आमच्याकडे आता आईने त्या केबलला लाल रिबीन बांधून ठेवलीये, म्हणजे अंधारातही हाताला लागते.

मेकॅनिक चांगला माणूस, घरचाच म्हणा. दोन वर्षांपूर्वी त्यानेच हा टीव्ही एकदा वाचवला होता. तेव्हा आवाज येत होता आणि पडदा काळा. त्याने खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पडद्याला टेकवला आणि अण्णांना म्हणाला, नीट बघा काका, चित्र आहे आत. खरंच होतं, अगदी पुसट, माणसं हलताना दिसत होती. म्हणजे पॅनल, चित्र उमटवणारा पुढचा पडदा, चांगला, फक्त मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेलेल्या. पट्ट्या बदलल्या आणि टीव्ही सुरू झाला. यावेळी मात्र तो म्हणाला, "पॅनलला काही झालेलं नाही ताई, मेन बोर्ड गेलाय, आणि या मॉडेलचा बोर्ड आता मिळायचा नाही." आठ वर्षांचा टीव्ही, ३२ इंची. नवीनच घ्यायचा ठरलं.

मी पुण्यात राहते, धाकटा भाऊ बंगळूरला, आणि घरी अण्णा आणि आई दोघंच. टीव्ही हा आम्हा दोघांच्या दृष्टीने एक वस्तू, पण तिथे तो दिवसभराची सोबत आहे हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं. रोज संध्याकाळी फोन केला की मागे शांत. एरवी मागे बातम्यांचा नाहीतर मालिकेचा आवाज असायचाच, इतका की मी वैतागून म्हणायचे, अण्णा जरा कमी करा हो आवाज. आता आवाजच नाही तर करमेना मला.

भावाला विचारलं तर त्याने त्याच रात्री चार लिंका पाठवल्या, सगळ्या ५५ इंचीच्या. त्याचं म्हणणं, अगं आता ५५ च्या खाली घ्यायचंच नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, मग मागे कशाला राहायचं. हिशोब त्याचा चुकीचा नव्हता. अण्णांची खुर्ची भिंतीपासून सात फुटांवर, आणि फोरके, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा, टीव्ही कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावरून छान दिसतो, ५५ इंचाचं दीडपट म्हणजे जवळपास सात फूट. कागदावर अगदी बरोबर बसत होतं. मीही एकदा कार्टमध्ये टाकून ठेवला होता, फक्त पैसे भरायचे राहिले होते.

अडलं ते शोकेसपाशी. आमच्या हॉलमध्ये एका भिंतीला सागवानी शोकेस आहे, १९९४ ला घर बांधलं तेव्हाची. त्याच वर्षी घरात पहिला रंगीत टीव्ही आला, देशात रंगीत चित्र १९८२ ला एशियाडच्या वेळी आलं, आमच्याकडे यायला बारा वर्षं लागली. त्याच्याआधी ब्लॅक अँड व्हाइट होता, लाकडी शटरवाला, आणि अण्णा गच्चीवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, आलं आलं, गेलं, परत आलं! तर त्या रंगीत टीव्हीसाठी सुताराने शोकेसच्या मधोमध कप्पा केला, ट्यूबच्या पाठीला जागा हवी म्हणून दीड फूट खोल, आणि शेजारी टेपरेकॉर्डर बसावा म्हणून साडेतीन फूट रुंद. वरच्या फळीवर ज्ञानेश्वर माऊलींचा फोटो, खाली आईची लग्नातली भांडी. ती शोकेस काढायची म्हटल्यावर आई काही बोलली नाही, फक्त फडक्याने फळी पुसत राहिली. मग मी तो विषय परत काढला नाही.

आता साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, म्हणून ४२ इंचीच टीव्ही बसेल असं अण्णांना वाटलं, आणि असं खूप जणांना वाटतं. पण टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ४३ इंचीची रुंदी भरते साधारण ९६ सेंटिमीटर, ५० इंचीची ११२ च्या आसपास आणि ५५ ची १२३ च्या आसपास. आमचा कप्पा १०६ सेंटिमीटरचा. तरी नुसत्या आकड्यांवर कोणाचं समाधान होईना, मग मी रविवारी गेले तेव्हा रद्दीतले पेपर चिकटपट्टीने जोडून तीन मापं कापली, ४३, ५०, ५५, आणि एकेक करून शोकेसवर लावली. हे प्रत्येकाने करावं असं मी मनापासून सांगेन, दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये ५५ इंची छोटासा दिसतो आणि तोच आपल्या दहा बाय चौदाच्या खोलीत आला की भिंत खाऊन टाकतो. ५५ चा पेपर लावला तेव्हा तो माऊलींच्या फोटोवर आला. अण्णांनी हात करून सांगितलं, काढ.

आणि याच वेळी ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

४३ चा पेपर कप्प्यात बसवला, मी अण्णांच्या खुर्चीत बसून बघितलं, अण्णांनी बसून बघितलं, भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, सगळे खूश. आई तिच्या जागेवर बसून मेथी निवडत होती. तिची जागा म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा, तिथे एक पाट कायम टाकलेला असतो, भाजी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं सगळं तिथे बसून, एक डोळा गॅसवर आणि एक टीव्हीवर. मी सहज विचारलं, आई तुला तिथून दिसतोय का गं नीट? ती म्हणाली, "मला काय, पेपरच आहे तो, दिसतोय. टीव्ही नव्हता दिसत."

म्हणजे?

"म्हणजे सगळे पांढरट दिसायचे इथून. कोण बोलतंय ते मी आवाजावरून ओळखायचे."

आठ वर्षं! आठ वर्षं तो टीव्ही आमच्या घरात होता आणि आई आठ वर्षं त्याला बाजूने बघत होती आणि तिने एकदाही सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आम्ही दिवाळीला यायचो, समोरच्या सोफ्यावर बसायचो, म्हणायचो चित्र मस्त आहे हं. मी तिथेच उठून तिच्या पाटावर बसले आणि शोकेसकडे बघितलं. टीव्ही समोर नाहीच तिथून, चांगला पन्नासेक अंश तिरका. मला खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मग मी त्या रात्री पुण्याला परत येऊन वेगळ्या नजरेने वाचायला लागले. तर विषय असा आहे की दुकानात एलईडी, क्यूएलईडी अशी जी नावं लावलेली असतात ते मुळात सगळे एलसीडीच. पुढे द्रव स्फटिकांचा पडदा आणि मागून दिव्यांचा उजेड. एलईडी म्हणजे फक्त मागचे दिवे एलईडीचे, क्यूएलईडी म्हणजे त्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, एक थर जास्त, त्याने रंग भरदार होतात. पण बाजूने बघितल्यावर चित्र कसं दिसेल हे त्या नावांवर ठरत नाही, ते ठरतं पुढच्या पॅनलवर. त्यात दोन जाती मुख्य, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये समोरून बघाल तर काळा रंग चांगला गडद, चित्राला खोली येते, पण बाजूला सरकलात की रंग उतरतात, चेहरे दूध सांडल्यासारखे. आयपीएसमध्ये काळा रंग थोडा राखाडी दिसतो, अंधारात तर जास्तच, पण बाजूने बघितलं तरी चित्र बरंचसं तसंच राहतं. आमच्या जुन्या टीव्हीत बहुतेक व्हीए असणार.

आता गंमत नाही, अडचण ही की खोक्यावर हे कुठेच छापलेलं नसतं. सेल्समनलाही सहसा सांगता येत नाही. आणि एकाच सिरीजमध्ये ४३ इंचीला एक पॅनल आणि ५५ ला दुसरा असं सर्रास असतं, त्यामुळे मित्राकडे ५५ बघून आलो आणि तोच मॉडेल ४३ मध्ये ऑर्डर केला यालाही अर्थ नाही. डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून ऑनलाइनचा विचार सोडला, हजार दोन हजार जास्त गेले तरी चालतील पण दुकानात जाऊन घ्यायचा आणि आईला घेऊन जायचं.

ओलेडबद्दलही वाचलं, कारण भाऊ म्हणाला बाजूनेच बघायचंय ना, मग ओलेड घ्या, मी पैसे देतो. त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, काळा म्हणजे अगदी काळाकुट्ट, आणि कुठूनही बघा सारखंच. टीव्ही म्हणून त्याच्या तोडीचं काही नाही. पण आमच्या घरात नको हे मी ठामपणे सांगितलं, पैशामुळे नाही, अण्णांमुळे. अण्णा सकाळी सातपासून मराठी बातम्यांचं चॅनल लावतात ते जेवायच्या वेळेपर्यंत तेच. त्या चॅनलांवर खाली लाल पट्टा, कोपऱ्यात लोगो, दिवसभर एकाच जागी. ओलेडमध्ये एकच आकृती तासन् तास, महिनोन् महिने एका जागी राहिली तर तिचा डाग कायमचा बसू शकतो. ज्या घरात रात्री एखादा सिनेमा बघतात त्यांनी जरूर घ्यावा. दिवसभर लाल पट्टा असणाऱ्या घरात एलसीडीच बरा.

तर जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं पुण्यातल्या एका दुकानात गेलो. आईने येताना विचारलं, मी कशाला? मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललोय आपण.

दुकानात भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ, पोपट, फुलं, मधाची धार, परदेशातली शहरं. हे बघून काही ठरवू नका. तो व्हिडिओ टीव्ही विकण्यासाठीच बनवलेला असतो आणि टीव्हीही दुकानातल्या भडक मोडवर ठेवलेला असतो, झगझगीत उजेडात उठून दिसावा म्हणून. आमच्या घरी मधाची धार कोणी बघत नाही, डीटीएचवर साधी, एचडी नसलेली चॅनलं बघतात. त्या साध्या चॅनलच्या चित्रात आडव्या ५७६ रेघा असतात आणि फोरके पडद्यावर २१६०. म्हणजे उरलेलं सगळं टीव्हीला आपल्या मनाने भरावं लागतं, आणि ते भरायची अक्कल प्रत्येक टीव्हीत वेगळी. पडदा जितका मोठा तितकं ते उघडं पडतं, ५५ इंचीवर सात फुटांवरून साधं चॅनल लावलं की नाक डोळे सारवल्यासारखे दिसतात. मी सेल्समनला म्हटलं दादा, सेटटॉप बॉक्स आहे का तुमच्याकडे, मराठी चॅनल लावून दाखवा, एचडी नको साधंच. तो जरा बघतच राहिला, पण मुलगा गुणी होता, आतून बॉक्स आणला, आणि एकेका टीव्हीला लावून दाखवला. आणि पेनड्राइव्हवर मी घरून एक व्हिडिओ नेला होता, गेल्या वारीतल्या रिंगणाचा, चुलतभावाने मोबाईलवर काढलेला. धावता घोडा. स्क्रोल होणारी अक्षरं आणि धावता घोडा या दोन गोष्टींत टीव्हीची परीक्षा होते.

त्यात एक कळलं, काही टीव्हींमध्ये घोडा इतका गुळगुळीत धावत होता की खोटा वाटत होता, कडेला पाय विरघळल्यासारखे. ते मोशन स्मूदिंगमुळे, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, बहुतेक ठिकाणी पिक्चर मेनूच्या आत कुठेतरी लपलेलं असतं. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, पडदा असला तर वेगाच्या गोष्टी खरंच जास्त स्वच्छ दिसतात, पण आमच्या बजेटमध्ये ४३ इंचीत ६० हर्ट्झच होते आणि डीटीएच बघणाऱ्या दोन माणसांना त्याने काही अडत नाही.

शेवटी दोन टीव्ही उरले, दोन्ही ४३, किमतीत दोनेक हजाराचा फरक, पस्तीस हजाराच्या आतले. अण्णांना पहिला आवडला. समोरून खरोखर सुंदर होता, गडद, उठावदार. मी सेल्समनकडे स्टूल मागितलं आणि आईला म्हटलं, घरी बसतेस तशी बस. मी पावलं मोजून घेतली होती. आई भर दुकानात पदर सावरून बाजूला तिरकी बसली, लोक बघत होते, बघू देत. पहिल्या टीव्हीकडे बघून ती म्हणाली, "हां, आपलाच जुना." दुसऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता बघतच राहिली. चॅनलवर स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. थोड्या वेळाने म्हणाली, "फोडणीत हळद जास्त झालीये तिची."

तिथेच ठरलं.

अण्णा उठून आईच्या स्टुलावर जाऊन बसले, तिथून दोन्ही बघितले, आणि मला म्हणाले, अगं, हे मला माहीतच नव्हतं. बस एवढंच. मग स्वतःच बिल करायला काउंटरकडे गेले. दुसऱ्या टीव्हीचा काळा रंग राखाडी आहे हे मला दिसत होतं, पण आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी ट्यूबलाईट लागलेली असते, अंधार करून कोणी बघत नाही, त्यामुळे तो दोष आमच्या घरात दिसणारच नाही.

आवाजाचं वेगळं लिहायला हवं कारण त्यात मी जवळजवळ चूक करत होते. अण्णांनी ३१ वर्षं भोसरीला एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये काढली, कान तिथेच गेले. ते टीव्ही ४५ वर लावायचे आणि तरी विचारायचे काय म्हणाला गं तो. मला वाटायचं मोठ्या आवाजाचा टीव्ही घ्यावा. पण कानाच्या डॉक्टरांनी मागे समजावलं होतं ते आठवलं, अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाहीत. स, श, त, क असली बारीक अक्षरं निसटतात. नुसता आवाज वाढवला तर पार्श्वसंगीतही वाढतं आणि शब्द त्याखाली दबतात. त्यात आताचे टीव्ही इतके सपाट, स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून, आणि आमचा टीव्ही जाणार खोल कप्प्यात, म्हणजे आवाज आत घुमणार. सेल्समन २० वॉट आणि ३० वॉट सांगत होता, त्या आकड्यावरून शब्द स्पष्ट येतील की नाही काही कळत नाही. म्हणून टीव्हीत वाचलेले पैसे एका छोट्या साउंडबारला घातले, ज्यात बोलणं वर उचलायचा वेगळा मोड आहे. तो एचडीएमआयच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलेलं असतं त्यातच लावायचा, मग टीव्हीबरोबर चालू होतो, टीव्हीबरोबर बंद होतो आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी जास्त होतो. अण्णांसाठी तिसरा रिमोट नको होता हे महत्त्वाचं. टीव्हीच्या नव्या रिमोटवर आकडेच नसतात, ओटीटीची बटणं असतात, पण चॅनल डीटीएचच्या रिमोटने बदलायचं असल्याने ते निभावलं. सेटटॉप बॉक्स नवा आला तोही एचडीएमआयनेच जोडला, जुन्या लाल पांढऱ्या पिवळ्या पिना आता विसरायच्या.

बाकी स्मार्टपणाबद्दल माझं मत सांगते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दोन जीबी रॅम असली की सुरुवातीला बरं चालतं, चार पाच वर्षांनी कुठलाही टीव्ही अडखळायला लागतो, तेव्हा दोन तीन हजारांची स्टिक मागे लावली की परत पळतो. पॅनल मात्र नंतर बदलता येत नाही, म्हणजे येतो, पण जवळजवळ टीव्हीच्याच किमतीला. खोक्यावर एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त खुलवणारं चित्र, असं लिहिलेलं असतं त्याचंही तसंच, स्वस्तातल्या टीव्हीत पडद्याला तेवढा उजेडच नसतो, तो तसं चित्र फक्त लावू शकतो, खुलवू शकत नाही. विजेचा मुद्दा अण्णांचा होता, त्यांना मी हिशोब करून दाखवला, शंभर वॉटचा टीव्ही दहा तास चालला की एक युनिट. ते म्हणाले मग ठीक आहे.

टीव्ही टेम्पोने घरी आला मंगळवारी. कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं उघडायचं नाही, आडवं ठेवायचं नाही, आणि तो उघडताना मोबाईलवर शूटिंग करायचं, हे मी फोनवर तीनदा सांगितलं, कारण पडद्याला तडा गेलेला निघाला तर तो आधीच होता हे सिद्ध करावं लागतं आणि फुटलेला पॅनल वॉरंटीत बसत नाही. अण्णांनी ते शेजारच्या मुलाकडून करून घेतलं. पायांचं माप मात्र माझ्याकडून राहिलं होतं. बऱ्याच नव्या टीव्हींना मधोमध स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात, ते आपल्या टेबलावर मावतात की नाही हे आधी बघावं लागतं. आमच्या फळीवर मावले. टीव्ही आत ढकलून न ठेवता कप्प्याच्या तोंडाशी आणून ठेवला, आवाज घुमू नये म्हणून, आणि साउंडबार त्याच्या पुढे आडवा. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड तपासला तर तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती, १९९४ पासून! आधी ते करून घेतलं आणि मग टीव्हीची पिन लावली.

पालखी सासवडला दोन रात्री मुक्कामी होती तेव्हा टीव्हीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ओसरीवर वारकरी, आई आणि शेजारणी मिळून भाकरी थापत होत्या, मी रजा टाकून गेले होते. माऊली पुढे जेजुरीला गेल्या आणि मग आईची दरवर्षीची वारी सुरू झाली, टीव्हीवरची. जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, लोणंद, ती उंबऱ्यात बसून एकेक मुक्काम करत पंढरपूरला पोचते.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं त्या दुपारी मी घरीच होते. अण्णा खुर्चीत, आवाज १८ वर. आई पाटावर, मांडीवर गवारीची परात. दुतर्फा पताका, टाळ, आणि मधल्या वाटेने माऊलींचा अश्व दौडत आला, टापांखालची माती उडताना दिसत होती, आणि लोक वाकून ती माती कपाळाला लावत होते. आईने परात खाली ठेवली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. मग कॅमेरा रांगेवरून फिरत गेला आणि ती एकदम म्हणाली, "अगं ती बघ, हिरव्या लुगड्यातली, डोक्यावर तुळस, परवा आपल्याच ओसरीवर जेवली की नाही! परभणीकडची म्हणाली होती."

मला ओळखता आली नाही. तोवर कॅमेरा पुढेही गेला होता. अण्णा म्हणाले, "कोण, जिने तुला ओवी म्हणून दाखवली ती?" "हां, तीच." मी उठले आणि आईच्या शेजारी उंबऱ्यात जाऊन बसले, आणि उरलेलं रिंगण तिथून बघितलं, गवार निवडत.